संध्याकाळचा रकाना

शारजाच्या हायपरमार्केटमध्ये सेल लागला होता आणि हेमाताईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी पँट हातात धरली होती. हिरवी-तपकिरी, लष्करी छापाची, घोट्याशी दोरी असलेली.

"घे गं, घे!" त्यांची मैत्रीण अनुराधा म्हणाली. "एकोणचाळीस दिरम. म्हणजे… हजाराच्या आत-बाहेर. बार्बाडोसच्या बीचवर काय साडी नेसून फिरणार आहेस?"

"बासष्टाव्या वर्षी मी यात कशी दिसेन गं?"

"दिसाल छान," मागून एक आवाज आला, "पण विमानतळावरच उतरवून घेतील."

दोघी गर्रकन वळल्या. ट्रॉलीत कांद्याची पिशवी ठेवून एक गृहस्थ उभे होते. पांढरे, बारीक कापलेले केस, बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या, आणि उजव्या हातावर भाजल्याचा जुना डाग. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या आता लक्षात आलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले.

"म्हणजे… जप्त करतील, असं म्हणायचं होतं. तिकडे हा छाप फक्त लष्करानं घालायचा. पर्यटकानं नुसती टोपी घातली तरी गुन्हा. तुम्ही बार्बाडोस म्हणालात, म्हणून बोललो. माफ करा."

"तुम्हाला काय ठाऊक?" अनुराधानं विचारलं.

"एकोणतीस वर्षं तिथल्या क्रूझ जहाजांवर होतो. मुरलीधर आरोलकर. मूळचा वेंगुर्ल्याचा. बायको वारल्यापासून इथंच, पलीकडच्या टॉवरमध्ये, मुलीकडे असतो."

हेमाताईंनी पँट परत हँगरला लावली. तिची घडी मोडली होती, ती त्या गृहस्थांनी सहज हात पुढे करून नीट केली. दोन बोटांत, अगदी हलकी. हेमाताई त्या बोटांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या… आणि मग उगाचच किमतीचं लेबल वाचू लागल्या.

त्याचं असं झालं होतं. अल नहदा वस्तीतल्या आठ जणींची भिशी बावीस वर्षं चालली होती. त्या दिवाळीत आठही जणींनी ठरवलं की आता सोनं पुरे, समुद्र बघायचा. कुठला? तेव्हा हेमाताई पटकन बोलून गेल्या, "कॅरिबियन!" आणि स्वतःच दचकल्या. शारजातल्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. दर वर्षी नववीच्या फळ्यावर त्या ही बेटं काढायच्या, पाटावर सांडलेल्या शेंगदाण्यांसारखी, आणि दर वर्षी तास संपला की पुसायच्या. यजमान होते तोवर बोटीचा विषयच नव्हता. दुबईची खाडी अब्राच्या छोट्या होडीतून ओलांडतानासुद्धा यजमानांना मळमळायचं. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. फळा पुसून पुसून हेमाताईंच्या मनातली बेटं मात्र पुसली गेली नव्हती.

मग काय, पुढच्याच शनिवारी आरोलकरांना हेमाताईंच्या हॉलमध्ये दडपे पोह्यांचं आमंत्रण गेलं. आठ जणी, आठ वह्या. ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि आधी म्हणाले, "पोह्यांत लिंबू कुणी पिळलं? हात चांगला आहे."

"मी," हेमाताई म्हणाल्या. "पण तुम्ही समुद्राचं सांगा."

"सांगतो, टीचर. पहिली गोष्ट, मायामीवरून जाणारं तिकीट स्वस्त दिसेल, त्याला भुलू नका. नुसतं विमान बदलायलासुद्धा अमेरिकेचा व्हिसा लागतो. ॲमस्टरडॅमवरून जा, आणि पैसे भरायच्या आधी ट्रान्झिटचे नियम पुन्हा एकदा बघा. दुसरी, जहाज बार्बाडोसहूनच सुटणारं घ्या, आणि आदल्या दिवशी पोचा. जून ते नोव्हेंबर नावही काढू नका."

"चक्रीवादळं," हेमाताई म्हणाल्या.

"बरोबर. फेब्रुवारी उत्तम. पूर्वेचा किनारा फक्त बघायचा, पाण्यात उतरायचं ते पश्चिमेला. पूर्वेला लाटा माणूस ओढून नेतात."

"व्यापारी वारे पूर्वेकडून येतात ना, म्हणून."

आरोलकर थांबले. "असं आहे होय? मला एकोणतीस वर्षं वाटत होतं, देवाची मर्जी!"

हॉलभर हसू पसरलं. हेमाताईही हसल्या. कितीतरी दिवसांनी, दात दिसतील असं.

"आणि ऊन," ते पुढे म्हणाले. "आपल्या आखातातली माणसं तिथं हमखास फसतात. आम्ही शारजात राहतो, आम्हाला कसलं ऊन! अहो, इथं आपण एसीतून गाडीत आणि गाडीतून एसीत. तिकडे वारा असतो, चटका कळत नाही, आणि मुक्कामाला येईतो पाठीचं थालीपीठ झालेलं असतं. क्रीम लावायचं, दर दोन तासांनी."

"पाठीला कोण लावणार?" अनुराधानं डोळा बारीक करून विचारलं.

"ते… ज्यानं त्यानं बघायचं," आरोलकर म्हणाले, आणि त्यांचे कान पुन्हा लाल झाले. "आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. किनाऱ्यावर एक झाड असतं, मँचिनील. हिरवी, सफरचंदासारखी फळं. बुंध्यावर बहुतेक वेळा लाल पट्टा मारलेला असतो, पण पट्ट्यावर विसंबू नका. फळ खायचं नाहीच, पण पाऊस आला तर त्याखाली उभंही राहायचं नाही. पानांवरून पडणाऱ्या पाण्यानं अंगावर फोड येतात."

"बाई गं!" हेमाताई म्हणाल्या. "म्हणजे प्रेमात पडलेल्यांनी काय करायचं? ती तर पाऊस आला की झाडाखालीच पळतात."

"त्यांनी उघड्यावर भिजायचं, टीचर," आरोलकर शांतपणे म्हणाले. "प्रेमाला तेवढी अक्कल हवी."

त्या दिवशी सगळ्या गेल्यावर हेमाताईंनी पोह्यांचा रिकामा वाडगा दोनदा धुतला.

मग जे व्हायचं तेच झालं. एकीचे गुडघे. एकीच्या नातवाची बोर्डाची परीक्षा. एकीच्या नवऱ्याची शुगर. तिघींना मुलांनी 'पुढच्या वर्षी, इन्शाल्ला' म्हणून गप्प केलं. शेवटी अनुराधाही रडवेली होऊन आली, तिच्या सुनेला दिवस गेले होते. डिसेंबर लागला तेव्हा आठांतल्या एकट्या हेमाताई उरल्या.

"खलास," मुलगा सुजीत म्हणाला. तो दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि घरातही मीटिंगमध्ये असल्यासारखा बोलायचा. "आई, प्लॅन कॅन्सल करून टाकू. एकटी कुठं जाणार तू? साधं पोहता येत नाही तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमाताई अल ममझारच्या किनाऱ्यावर गेल्या. आरोलकर तिथं रोज फिरायला येतात, हे त्यांना ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं, ते विचारू नये.

"मला पाण्यावर तरंगायला शिकवाल?" त्यांनी विचारलं.

"आता?"

"कपडे आणलेत."

डिसेंबरचं पाणी गार होतं. पायापासून गळ्यापर्यंत झाकणारा पोहण्याचा पोशाख घालून हेमाताई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, दातावर दात वाजवत.

"पाण्याशी भांडायचं नाही," आरोलकर म्हणाले. "मान मागं टाका. मी हात खाली धरतो. लावणार नाही, नुसता खाली. बुडायला लागलात तर असेल."

त्यांनी मान मागं टाकली. कानांत पाणी गेलं, जग मुकं झालं, वर नुसतं आकाश. पाठीखाली वीतभर अंतरावर एक तळहात आहे… दिसत नाही, लागत नाही, पण आहे. दोनदा त्या घाबरून उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा पाय आपोआप वर आले.

"टीचर," कुठून तरी लांबून आवाज आला, "हात केव्हाच काढलाय मी."

त्या ओरडल्याच आनंदानं! बाजूनं चालणारी एक फिलिपिनो बाई टाळ्या वाजवू लागली.

असे पंधरा-वीस दिवस गेले. पोहणं झालं की बाकावर बसून चहा, आणि आरोलकर वहीत त्यांच्यासाठी सात दिवसांचं टिपण लिहीत. सुबक रेघा मारलेली पानं, सकाळ, दुपार, संध्याकाळ असे रकाने. 'ग्रेनाडा, सकाळी: बाजारात जायफळ घ्या, कवचासकट, त्याचा वास टिकतो.' 'दुपारी: जहाजाच्या घड्याळाप्रमाणे परत या, गावातल्या नव्हे. जहाज कुणासाठी थांबत नाही.'

एके दिवशी हेमाताईंनी पानं चाळली आणि शिक्षिकेच्या नजरेला चूक दिसली.

"हे काय? संध्याकाळचा रकाना सातही दिवस रिकामा?"

आरोलकरांनी चहाचा घोट घेतला. "मला माहीत नाही ना."

"म्हणजे?"

"साडेपाचला पहिली पंगत बसायची. हजारभर माणसं. मी खाली, किचनमध्ये, खिडकी नसलेल्या. कांदा परतायला घ्यायचो तेव्हा वर सूर्य बुडत असायचा. लोक जेवायला येऊन सांगायचे, शेफ, काय सनसेट होता! मी म्हणायचो, हो का, मीठ बरोबर आहे ना?" ते हसले, पण हसू पुरतं उमटलं नाही. "एखाददुसरा दिसला असेल, दारातून, हातात झारा घेऊन. बसून… नाही कधी."

हेमाताईंनी वही मिटली. एकतीस वर्षं एका बाईनं ती बेटं न पाहता फळ्यावर काढली होती, आणि एकोणतीस वर्षं एका माणसानं ती बेटं दररोज गाठून त्यांची संध्याकाळ पाहिली नव्हती. आपल्या मनात काय आहे, हे हेमाताईंना या वयातही बरोबर कळलं.

रविवारी जेवणाच्या टेबलावर त्यांनी सांगून टाकलं. "मी जाणार आहे. आणि आरोलकरांनी यावं अशी माझी इच्छा आहे."

सुजीतच्या हातातली पोळी हातातच राहिली. सून शुभ्रानं आमटीची पळी हळूच खाली ठेवली.

"आरोलकर? ते… जहाजावरचे कुक?"

"शेफ."

"आई, कुक काय, शेफ काय! कोण म्हणून येणार ते तुझ्याबरोबर? लोकांना काय सांगायचं मी?"

"नवरा म्हणून," हेमाताई म्हणाल्या. "म्हणजे, ते हो म्हणाले तर. अजून विचारलं नाहीये मी त्यांना."

नऊ वर्षांची नात सान्वी म्हणाली, "ओ माय गॉड, आजी, यू शुड आस्क हिम टुडे!"

"सुजीत," हेमाताईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता, पण चढा नव्हता. "मी मुलांना जग शिकवलं, फळ्यावर. त्या माणसानं जगाला जेवू घातलं. त्यांच्याशेजारी उभं राहायला मला लाज वाटत नाही. तुला वाटत असेल, तर तू सोय बघ तुझी. मला उद्या सकाळी पोहायला जायचंय."

शुभ्रा उठली आणि तिनं सासूच्या पानात गुळाची पोळी वाढली, त्यावर ओघळेल इतकं तूप. घरातलं मत कळायला तेवढं पुरलं. थोड्या वेळानं सुजीतच पुटपुटला, "त्यांना… एकदा जेवायला तरी बोलव. मी बोलतो."

"तू बोलू नकोस. तू फक्त जेव. स्वयंपाक ते करतील."

सोमवारी सकाळी ममझारच्या बाकावर हेमाताईंनी वही उघडून आरोलकरांसमोर धरली.

"हा रकाना रिकामा आहे. मला रिकामे रकाने चालत नाहीत, मी मार्क कापते. भरायला… याल का? सातही दिवस. आणि त्यानंतरचेही."

आरोलकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. वहीकडे पाहिलं. कान लाल झाले, मग गाल, मग डोळे. "टीचर, मी जहाजावर खालच्या दारानं चढणारा माणूस…"

"हो की नाही?"

त्यांनी खिशातून पेन काढलं. सोमवारसमोर लिहिलं, 'मोकळा आहे.' मंगळवारसमोर लिहिलं, 'मोकळा आहे.' असं खाली खाली, एकेक अक्षर नीट, सातव्या दिवसापर्यंत. आणि रकाना संपला, तरी पानाच्या कडेनं लिहीतच राहिले.

जानेवारीत अबू धाबीला जाऊन लग्नाची नोंदणी झाली. अनुराधा करवली होती. सुजीतनं स्वतः गाडी चालवली, आणि परत येताना आरोलकरांना विचारलं, "त्या रविवारी आमच्याकडे केलेल्या कोंबडीत तुम्ही नक्की काय घालता, काका?"

"जायफळ. चिमूटभर," काका म्हणाले.

आणि फेब्रुवारीत, ब्रिजटाउनच्या धक्क्यावर, ते पांढरंशुभ्र जहाज उभं होतं. आरोलकर सवयीनं डावीकडे वळले, खालच्या, माल चढवायच्या दाराकडे. त्यांच्या मनगटावर एक हात पडला.

"अहो. इकडून."

पाहुण्यांच्या जिन्यावर ते दोघं शेजारी शेजारी चढले. वर पोचेपर्यंत आरोलकरांनी मान एकदाही खाली केली नाही.

संध्याकाळी साडेपाचला भोंग्यावर पहिल्या पंगतीची घोषणा झाली, तशी त्यांची पावलं आपोआप निघाली. हेमाताईंनी त्यांना कठड्याशी ओढून धरलं.

"इथं सूर्य सरळ खाली उतरतो, आपल्याकडच्यासारखा तिरका रेंगाळत नाही. विषुववृत्त जवळ आहे ना. पटकन जातो. पापणी लवू देऊ नका."

सहाच्या सुमारास सूर्य पाण्याला टेकला. जहाजावरची माणसं बोलता बोलता थांबली. आरोलकर एक हात कठड्यावर ठेवून, दुसरा हेमाताईंच्या हातात देऊन पाहत राहिले. आधी कडा बुडाली, मग अर्धा, मग नखाएवढा… त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात सोडवला नाही.

तेवढ्यात खालून एक ओळखीचा वास आला. त्यांनी नाक वर केलं.

"हेमा," पहिल्यांदाच नावानं हाक मारत ते म्हणाले, "खाली कांदा करपतोय."

"करपू दे," हेमाताई म्हणाल्या.