एकतीस टक्के लग्न

मुलाखतीच्या आदल्या दुपारी पाटणच्या घरात थालीपिठं चालली होती आणि शर्वी आईबाबांची उजळणी घेत होती. जोडीदार-व्हिसा मागणारी सगळीच जोडपी आता उजळणी करत. त्यासाठी गावोगाव क्लास निघाले होते.

"बाबा, तुमच्या खोलीतले पडदे कुठल्या रंगाचे?"

हेमंतरावांनी बायकोकडे पाहिलं. "प्राजू, कुठले गं?"

"निळे. रोज सकाळी तुम्हीच सरकवता."

"आई, बाबांनी पहिली पवनचक्की कुठे दुरुस्त केली?"

"ते त्यांना विचार. मला घरातला फ्यूज कुठाय तेसुद्धा माहीत नाही."

"अहो, पाठ करा ना दोघं जरा."

"खरं लग्न कोण पाठ करतं?" बाबा म्हणाले. "नापास झालो तर तुझ्या आईला दुसरं स्थळ बघू."

"आधी ताटातलं संपवा," आई म्हणाली, "मग बघा."

पवनचक्कीची पाती दुरुस्त करण्यात हेमंतरावांचा हात धरणारा पाटणच्या पठारावर कोणी नव्हता. उत्तरेकडच्या एका थंड देशानं त्यांना बोलावलं होतं. करार झाला होता. प्राजक्ताबाईंना सोबत न्यायचं, तर लग्न खरं आहे हे सिद्ध करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी व्हिसा कार्यालयात दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून डोक्यावर टोप चढवले. यंत्र बनवणारे डॉ. सबनीस तिथेच होते. त्यांनी शर्वीला समजावून सांगितलं, "तोंड खोटं बोलू शकतं, म्हणून आम्ही मेंदूला विचारतो. एखादी गोष्ट आठवली की मेंदूतल्या पेशींचा ठरावीक गट जागा होतो. एकत्र राहणाऱ्यांच्या डोक्यात त्याच त्या घरादाराच्या खुणा असतात. दोघांच्या खुणा किती टक्के जुळतात, तो छेदांक. साठच्या खाली गेला तर लग्न बनावट."

"आणि क्लासमध्ये पाठ केलेलं?"

"तेही स्मरणातच जातं म्हणा," सबनीस म्हणाले.

आईबाबांचा छेदांक आला एकतीस. वर्षापूर्वी, परदेशातल्या काही महिन्यांच्या कामासाठी जाताना, याच यंत्रानं शर्वी आणि तिचा नवरा निमिष यांना चौऱ्याण्णव दिले होते.

अपील केलं आणि बाबा एकटे गेले. तिथे पात्याच्या कडेनं दंड कापला, जखम चिघळली. इस्पितळात विचारलं, कुठल्या औषधाचा त्रास होतो का? बाबा म्हणाले, नाही. इथे कुठलाही डॉक्टर हा प्रश्न विचारी, तेव्हा बाबा आईकडे मान वळवत आणि आई म्हणे, "पेनिसिलिन नको." तिथे मान वळवायला शेजारी कोणी नव्हतं. ती आठवण बाबांचीच होती. फक्त आईकडे ठेवलेली होती. पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर बाबा उठले नाहीत.

अपिलाची तारीख त्यानंतर आली. आई, शर्वी आणि निमिष तिघंही गेले.

सबनीसांनी आकडे पुन्हा तपासले होते. "मुरलेली जोडपी आठवणी वाटून घेतात," ते खाली बघत म्हणाले. "एकानं सांभाळलं की दुसरा ते निर्धास्तपणे सोडून देतो. जितका विश्वास जास्त, तितका छेदांक कमी. हे आमच्या लक्षात आलं नव्हतं."

"आता आलं?" शर्वीनं विचारलं.

"आलं. पण विश्वास मोजायचा कसा? साठची अट तूर्त राहील."

आईनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "लग्नाच्या वरातीत आमची गाडी कुठल्या घाटात बंद पडली, ते यांना माहीत होतं. तुमच्या यंत्रात यांचं काही राहिलंय का हो?"

"नाही. आम्ही फक्त आकडा ठेवतो."

आईनं पदर सारखा केला. तिला धीर द्यावा म्हणून सबनीस शर्वीकडे वळले. "तुमचा आकडा चौऱ्याण्णव. अगदी आदर्श. आई आता तुमच्यासारख्या जोडप्याजवळ राहतील, हेच त्यातल्या त्यात…"

शर्वीचा आवाज चढला नाही. निमिष शेजारी बसलेला असताना, जे तिनं कधी स्वतःशीही म्हटलं नव्हतं, ते ती म्हणाली:

"निमिषची औषधं त्याला पाठ, माझी मला पाठ. त्याला रस्ते येतात, मलाही येतात. आम्ही एकमेकांकडे काहीच ठेवायला दिलेलं नाही, सबनीस. उद्या हा गेला तर माझं काहीही हरवणार नाही. बनावटचा शिक्का मारायचाच तर आमच्यावर मारा."