सात ठोके, मग तीन

शेवंडीच्या लांबलचक मिशा सगळ्यांना दिसतात. त्यांच्यामध्ये आखूड मिशांची एक जोडी असते, ते तिचं नाक. त्यातल्या एका पेशीला केसाहून बारीक तार टेकवायची आणि मिशीवरून वासाचं पाणी सोडायचं. पेशीला वास लागला की स्पीकरवर ठोके पडतात. अकरा वर्षं पोटासाठी मी हेच ऐकते आहे. कोळंबीच्या थोरल्या बहिणीचं गाऱ्हाणं ऐकायचा पगार मिळतो, असं नवरा चिडवायचा.

आठ महिन्यांपूर्वी तो सकाळी समुद्रात पोहायला गेला, तो परतलाच नाही. काही सापडलंही नाही. वाट पाहायची की रडून मोकळं व्हायचं, एवढंच मला कळायला हवं होतं. सासऱ्यांचं ठरलेलं होतं. ते वाट पाहत होते.

त्याचा न धुतलेला शर्ट मी एक दिवस प्रयोगशाळेत नेऊन पाण्यात बुडवला. माझ्या नाकाला त्यात काही लागेनासं झालं होतं. पेशीला लागलं. सात ठोके, क्षणभर शांतता, मग तीन. मी तिथेच तोंडात पदर कोंबून रडले.

दर चाचणीनंतर मिशीवरून समुद्राचं साधं पाणी सोडायचं, असा आमचा नियम आहे. ते थेट समुद्रातून नळाने येतं. त्यावर पेशी गप्प राहायला हवी. सोमवारी राहिली नाही. सात, मग तीन.

चूक माझीच असणार म्हणून हात धुतले, नळ्या बदलल्या. दुसरी शेवंड घेतली, मग तिसरी. दोन शेवंडींच्या पेशी कधी एका सुरात बोलत नाहीत, या बोलल्या. बाटलीतल्या पाण्यात मीठ कालवून सोडलं, तेव्हा मात्र तिघीही गप्प.

सासरे त्या आठवड्यात नणंदेकडे होते. मी फोन केला.

"बाबा, तो समुद्रात आहे."



"आहे ना? मग येईल."

माणसाला समजवावं तरी कसं? मी फोन ठेवला.

समुद्रापासून आमच्या खोलीपर्यंत पाणी यायला दोन मिनिटं लागतात. सोमवारी नळ सोडल्यावर दोन मिनिटांनी ठोके पडले होते. मंगळवारी एका मिनिटाने पडले. बुधवारी वीस सेकंदांनी.

गुरुवारी नळ बंद होता, तरी पडले.

शुक्रवारी सगळं थांबलं. शर्टाच्या पाण्यावरही पेशी हूं की चूं करेना. संपलं एकदाचं, असं वाटून मला हलकं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

डबा खाताना घास हातातच राहिला. पेशी दोन कारणांनी गप्प होते. वास नसला तर, किंवा तो जातच नसला आणि ती त्याला सरावली तर.

शेवंड बाटलीच्या मीठ कालवलेल्या पाण्यात अर्धा तास झाकून ठेवली. मग साबणाने धुतलेलं माझं बोट त्या पाण्यात बुडवलं.

सात.

तीन.

घरी पोचले, तेवढ्यात सासरेही गावाहून आले. दार मीच उघडलं. एक चप्पल काढून ते उंबऱ्यातच थबकले. नाकपुड्या फुलल्या, डोळे भरून आले.

"कधी आला गं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी छाती भरून श्वास घेतला. मला कसलाच वास आला नाही.