जागची न हलणारी गाडी

बुधवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. मोहटोल्याच्या नाल्यापलीकडून किंचाळी ऐकू आली.

ती माणसाची नव्हती, जनावराचीही वाटत नव्हती. आधी बारीक सुरू झाली, मग चढत गेली आणि मध्येच चिरकून थांबली. खाटेखाली झोपलेला कुत्रा उठून थेट घरात शिरला.

"ताई, काय होतं ते?" खुशालने विचारले. त्याच्या हातातली तेंदूपाने खाली पडली.

"मले काय माहीत!" कांता म्हणाली. सातवीत पहिली आली म्हणून बाबांनी दिलेले घड्याळ तिच्या मनगटावर होते. तिने वेळ पाहून ठेवली. "काल पण हाच टाइम होता."

पुन्हा किंचाळी आली, आधीपेक्षा लांब.

"वखारीकडून येते," बुधरी हळूच म्हणाली. ती याच गावची, बारा वर्षांची. रोज पानांचे पुडके बांधताना तिचे बोट कधी अडखळत नसे. आता अडखळले.

"पानं मोजा!" तिचा आजा डोमा दारातून ओरडला. "नाल्यापल्याड कोनी जायचं नाई! गेल्या हप्त्यात वाघानं मुखरूचा बैल तिथंच पाडला."

"पण आजा, वाघ असा ओरडते का?" खुशाल म्हणाला.

डोमा वळून घरात गेला. त्यालाही ते माहीत नव्हते, हे तिघांच्या लक्षात आले. त्यामुळे तर जास्तच भीती वाटली.

कांता आणि खुशाल रामटेके हे बहीणभाऊ बल्लारपूरचे. त्यांचे वडील कागद कारखान्यात कामाला होते. १९८५ च्या मे महिन्याच्या सुटीत दोघे सोमाजीमामाकडे आले होते. सोमाजीमामा फिरत्या दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर. गावोगाव औषधे घेऊन जाणारी ती हिरवी, चौकोनी लँडरोव्हर अकरा वर्षे त्याच्या हातात होती. गावात छपराची जागा नव्हती, म्हणून गाडी नाल्यापलीकडे चढावरच्या बंद पडलेल्या लाकूड वखारीत उभी राहायची.

आणि किंचाळी त्याच वखारीकडून येत होती.

मामा संध्याकाळी पाच वाजता सायकलवरून परतला. डॉक्टरीणबाई आठवडाभर चंद्रपूरला होत्या. त्या गेल्यापासून कंपाउंडर वामनराव त्याला रोज दुपारी फाट्यावर पाठवत असे. एस.टी.ने औषधाचे खोके येईल, ते घेऊन ये, म्हणून. खोके एकदाही आले नव्हते.

पोरांना घेऊन मामा गाडी पाहायला वखारीत गेला. त्याने टाकीत काडी घातली, बाहेर काढली आणि पुन्हा घालून पाहिली.

"पाच लिटर कमी आहे," तो म्हणाला.

"गाडी कोणी नेली असंल," कांता म्हणाली.

"नेली कुठी? आकडा पाय ना!" मामाने काचेमागचा किलोमीटरचा आकडा दाखवला. "६१,४२७. सोमवारीबी हाच होता. गाडी जागची हलली नाई, अन् डिझेल तं संपून राह्यलं!"

मागून चपलांचा आवाज आला. वामनराव दारात उभा होता. इस्त्रीचा सदरा, खिशात गाडीची किल्ली. बाई नसताना ती त्याच्याकडेच असे.

"जादूच म्हणायची, सोमाजी!" तो हसत म्हणाला. "रविवारी बाई येतील. मी सांगणार आहे त्यांना. ड्रायव्हर डिझेल विकतो, असं आत्ताच अर्धं गाव बोलतंय."

"मी डिझेल विकलं? भाऊ, अकरा वर्षं झाली..."

"मग रविवारी बाईंना सांगा ना!" वामनराव निघून गेला.

 मामाने ओले फडके घेतले आणि गाडी पुसायला लागला. गाडीवरची नोकरी गेली तर आपले काय, हे तो पोरांपुढे बोलला नाही. पण एकच दरवाजा त्याने तीनदा पुसला.

"मामा, ही गाडी बनली कशी?" त्याला बोलते करायला खुशालने विचारले. ही गोष्ट त्याने दहा वेळा ऐकली होती.

"पयले तं ती कागदावरबी नव्हती," मामा हळूहळू सांगू लागला. "मोठी लढाई सरली होती. विलायतेत एका इंजिनेरानं समुद्राच्या रेतीत काडीनं चित्र काढलं. वावरातबी चालन अन् रस्त्यावरबी, अशी गाडी पायजे म्हने. लोखंड मिळे नाई, म्हनून अंगाले आल्मुनियम लावलं."

"डेगचीसारखं!"

"हो, डेगचीसारखं! म्हनून तं हिचे पोचे फिटर नाई काढत, सिरोंच्याचा भांडेवाला वारलू काढते."

कांता हसली. मामाही थोडा हसला. मग त्याने नेहमीसारखी गाडीची ओळख करून दिली. मोठा गेर. शेजारी एक लाल मुठीची दांडी, एक पिवळ्या मुठीची.

"ही लाल मूठ मधात आली, का इंजिनाचा अन् चाकाचा संबंध तुटला. मंग गेर लागला असला तरी गाडी सुटलेलीच समजायची. अन् हातब्रेकचा पट्टा झिजला आहे. चंद्रपूरले, नागपूरले आठ महिन्यांपासून चिठ्ठ्या लिहून राह्यलो, कोनी नवा पाठवत नाई. म्हनून चाकाखाली हा दगड. दगड काढला का गाडी थेट नाल्यात!"

वखारीपुढे साठ-सत्तर पावलांचा उतार होता. त्याच्या टोकाला नाल्याची कड, आणि खाली वीस फुटांवर काळे खडक. कांताने तिकडे पाहून लगेच मान फिरवली.

तेवढ्यात बुधरीने गाडीच्या मागून हाक मारली. "हे काय आहे?"

मागच्या बाजूला एक लोखंडी चाक बसवलेले होते, ताटाएवढे.

"त्याच्यावर पट्टा चढवला, का उभ्या गाडीवर पंप चालते, चक्की चालते," मामा म्हणाला. "शेतकऱ्यासाठीच होती ना गाडी! आपन कधी वापरलं नाई. गंजून गेलं असंल."

तो पुढे निघून गेला. कांताने वाकून पाहिले. चाक गंजले नव्हते. त्याची कड नव्या भांड्यासारखी चकाकत होती.

ती बुधरीकडे बघत राहिली. बुधरीने समोरच्या पत्र्याच्या भिंतीकडे बोट दाखवले. चाकाच्या बरोबर समोर भिंतीत हातभर फट होती आणि पलीकडून गोणपाट लावलेले होते.

"मामाले सांगायचं?" खुशाल कुजबुजला.

"नाई. मामा वामनरावाले जाऊन विचारन, अन् तो सगळं लपवन. आधी डोळ्यानं पायचं."

शुक्रवारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी तिघे नाला उतरून पलीकडे गेले. ठरले होते ते असे. कांता आणि खुशाल गाडीत ताडपत्रीखाली लपणार. बुधरी डोमाच्या सायकलची घंटी घेऊन सागाच्या झाडांमागे थांबणार आणि किंचाळी सुरू झाली की थोड्या वेळाने घंटी वाजवणार. मामा आला असे वाटून माणसे काय करतात, ते बघायचे.

"मी एकटीच?" बुधरीने विचारले.

"तुले जंगल माहीत आहे ना!"

"म्हनूनच विचारून राह्यली," ती म्हणाली. वाळक्या पानांत कुठेतरी खसखस झाली. ती श्वास रोखून थांबली. मग घंटी मुठीत दाबून झाडांमागे गेली.

ताडपत्रीखाली भट्टीसारखे गरम होते. खुशालच्या दातांचा आवाज कांताला ऐकू येत होता.

"दात वाजवू नको!"

"मी कुठी वाजवून राह्यलो? आपोआप वाजून राह्यले!"

तीन वाजता पावले आली. दोन माणसे होती.

"लवकर, मुखरू! दोन ओंडके राहिलेत," वामनरावाचा आवाज.

दार उघडले. इंजिन धडधडले. दांडी सरकल्याचा खटका झाला. मागे पट्टा चढला, आणि किंचाळी सुरू झाली.

या वेळी ती दोन हातांवर होती! सगळी गाडी थरथरत होती. ताडपत्रीच्या भोकातून कांताने पाहिले. गोणपाट बाजूला केलेले होते. पलीकडे दातांचे गोल पाते गरगर फिरत होते आणि मुखरू त्यावर सागाचा ओंडका रेटत होता. भुसा उडून ताडपत्रीवर पडत होता. वाघाने पाडलेल्या बैलाचा मालक तो हाच. गावाने नाल्यापलीकडे येऊ नये, याची त्या बैलाने बरी सोय करून ठेवली होती.

"चोरीचा साग!" ती खुशालच्या कानात म्हणाली. ऐकू जाणे शक्यच नव्हते.

ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

"सोमाजी!" वामनराव ओरडला. "इतक्या लवकर? बंद कर, पट्टा काढ!"

इंजिन थांबले. उतारावर उभ्या गाडीच्या ओझ्याने पट्टा ताणलेला होता, तो सहज निघेना. मुखरूने पुढच्या चाकाखालचा दगड लाथेने उडवला. दोघांनी गाडी वीतभर मागे रेटली आणि पट्टा निसटला.

"दगड लाव!"

"कायले? गेर टाकला आहे ना. आमचा लाकडाचा ट्रक गेरवरच उभा राह्यते!" मुखरू पट्टा गुंडाळत भिंतीपलीकडे पळाला. वामनरावही त्याच्यामागे गेला.

क्षणभर सगळे शांत होते. मग भोकातून दिसणारी भिंत मागे जायला लागली.

"ताई," खुशाल म्हणाला, "भिंत चालून राह्यली का?"

कांताने ताडपत्री फेकली. भिंत जागेवरच होती. गाडी उताराला लागली होती.

"गेर तं लागला आहे!" खुशाल किंचाळला.

"लाल मूठ! लाल मूठ मधात आहे!"

ती सीटवरून पुढे कोसळली. हातब्रेक ओढला, तो नुसताच वर आला. गाडी वेग घेत होती. समोरच्या काचेत आधी पळसाचे झाड होते, मग नाल्याची कड, मग नुसते आकाश. कांताने दोन्ही पाय पायब्रेकवर ठेवले आणि स्टिअरिंग धरून त्यावर उभी राहिली. गाडी अडखळली. वेग कमी झाला, पण ती थांबेना.

"खुशाल! मूठ मागं ओढ!"

"कोणती? दोन आहेत!"

"लाल! लाल रे!"

खुशालने दोन्ही हातांनी ओढली. आतून करकर करकर आवाज आला. मूठ हातात नाचत होती.

"नाई बसत!"

"ओढ!"

तो मागे लोंबकळला. खटका झाला. गाडीने असा हिसका दिला, की कांताचे कपाळ काचेवर आपटले. मग काहीच हलले नाही.

नाल्याची कड पुढच्या चाकापासून चार हातांवर होती. नंतर मामाने ते अंतर मोजले. त्या वेळी दोघांनाही ते दिसत नव्हते, कारण दोघांनी डोळे मिटलेले होते.

बुधरीची ओरड गावापर्यंत गेली. डोमा आला, पाने बांधणाऱ्या बाया आल्या. फाट्यावरून परतणारा मामा सायकल टाकून धावत आला. त्याने आधी पोरांचे हातपाय चाचपले, मग गाडीकडे पाहिले.

वामनरावही पोचला. सदऱ्यावर एक चुणी नव्हती. "बघा, बघा! कार्ट्यांनी खेळता खेळता गाडी सोडली! जीव गेला असता! ही सोमाजीची शिस्त!"

"तुमी आज गाडी सुरू केली होती का, भाऊ?" कांताने विचारले. कपाळावर टेंगूळ आले होते.

"मी? बाई गेल्यापासून कोणीच गाडी सुरू केलेली नाही! किल्ली माझ्याकडे आहे."

"सगळ्यांनी ऐकलं ना?" कांता मागे वळली. "मामा, मागच्या चाकाले हात लावा."

मामाने त्या लोखंडी चाकावर तळहात ठेवला आणि चटकन काढला.

"तापलं आहे!" तो म्हणाला. मग त्याने बॉनेटवर हात ठेवला. "इंजिनबी गरम!"

 डोमा पुढे झाला. त्याने वामनरावाच्या खांद्याला हात लावला आणि शिलाईच्या खाचेत अडकलेला भुसा चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला.

"सागाचा आहे," तो म्हणाला. "ताजा."

वामनरावाने खिशातून किल्ली काढली आणि मामाच्या हातात दिली. गोणपाटामागे करवतीची चौकट सापडली आणि पानांखाली झाकलेल्या एकोणीस फळ्या. करवतीचे पाते नव्हते. मुखरूही नव्हता.

रविवारी दुपारी अडीच वाजता डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी वामनरावाला फॉरेस्टच्या माणसांबरोबर अहेरीला पाठवले. मग त्या गाडीपाशी आल्या.

"मला अजून समजलं नाही. गाडी हलली नाही, तर डिझेल गेलं कसं?"

कांताने काडी उचलली. नाल्याकाठच्या रेतीत तिने गाडी काढली, मागचे चाक काढले, त्यावरून पट्टा, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला दातांचे पाते. बाई वाकून पाहत राहिल्या.

"समजलं!" त्या म्हणाल्या. "शाबास! आणि लाल मूठ कोणी ओढली?"

"मी!" खुशाल म्हणाला. "आधी पिवळी ओढणार होतो, पण ते नका सांगू कोणाले."

सगळे हसले. "घंटी वाजवायला एकटं जंगलात थांबणारी ही," बाईंनी बुधरीच्या डोक्यावर हात ठेवला. "मला नसतं जमलं. सोमाजी, गाडी तुमच्याकडेच राहील. हातब्रेकच्या पट्ट्यासाठी मी उद्या स्वतः नागपूरला जाते."

मामाने मान हलवली.  तो फडके घेऊन दरवाजा पुसायला लागला.

तेव्हा तो आवाज आला.

आधी बारीक, मग चढत गेलेला, मग चिरकून थांबलेला. वखारीकडून नाही. दूर, नदीच्या पलीकडून.

कांताने घड्याळ पाहिले. तीन वाजून दहा मिनिटे. गाडी समोर उभी होती, इंजिन बंद होते, किल्ली मामाच्या खिशात होती.

आवाज चार मिनिटे चालला. मग थांबला. मुखरू अजून सापडलेला नव्हता, करवतीचे पातेही नाही.