आतल्या खोलीचं दार

विश्वास ठेवायचा तर ठेवा. कुणाला पटवून देण्याचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. हे याच हिवाळ्यात, माझ्या स्वतःच्या घरात, भरदुपारी घडतंय.

घराचा ताबा मिळाला, कुलूप उघडलं आणि माझं डोकंच फिरलं.

विकणाऱ्यांनी घर पार ओरबाडून नेलं होतं. बल्ब नाहीत. पडद्यांचे दांडे नाहीत. बेसिनचा नळसुद्धा नाही! मागे ठेवलं काय, तर गॅलरीत फुटक्या बादल्या.

"भिंती ठेवल्या हे उपकार समज," आमचे हे म्हणाले.

मला हसू आलं नाही. आतल्या खोलीला दारच नव्हतं.

नुसती चौकट...

ती खोली माझ्या आईसाठी होती. गुडघ्यांमुळे तिला काठीशिवाय पाऊल टाकता येत नाही. भावाकडे ती हॉलमध्ये झोपायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. तिला स्वतःची खोली मिळावी म्हणून तर हा सगळा खटाटोप.

विकणाऱ्या बाईंना फोन लावला. "अहो, दार काढून कोण नेतं?"

"चौकट ठेवलीय ना," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

असा संताप आला!

सुताराला बोलावलं. चौकट चाचपताना तो थबकला.

"ताई, कडीची जुनी भोकं फक्त बाहेरून आहेत. आतून काहीच नव्हतं..."

मी इतकी वैतागले होते की म्हटलं, "तिथेच बसवा. आई आत पडली-बिडली तर आतून कडी नकोच."

आई राहायला आली. दुपारी जेवून आडवी झाली. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते.

टक... टक टक...

"आले गं आई!"

गेले, तर दाराला बाहेरून कडी.

मी घातली नव्हती. हे ऑफिसात होते.

कडी काढली. आई गाढ झोपेत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

"नवं लाकूड आहे, फुगतं," हे म्हणाले.

"लाकूड फुगलं की कडी लागते का हो?" मी खेकसले.

मग एका दुपारी आई माझ्याशेजारी हॉलमध्ये बसली होती. आतली खोली रिकामी.

टक... टक टक...

"अगं, उघड ना," आई म्हणाली. "कधीच्या वाजवतायत त्या."

मी तशीच विकणाऱ्या बाईंना फोन लावला.

"दार बसवलंत?" त्यांचा आवाज एकदम उतरला. "काढा ते. दार नसलं की वाजवत नाहीत."

"कोण?"

"आमच्या सासूबाई... सारख्या घराबाहेर निघून जायच्या हो. काय करणार होतो आम्ही?"

फोन कट.

त्याच संध्याकाळी दार उतरवलं. आवाज थांबला. वाटलं, सुटलो.

कसलं सुटलो!

दोनच दिवसांत, दुपारी, आईचं अंथरूण रिकामं. काठी भिंतीला टेकलेली. घराचं मुख्य दार सताड उघडं...

आई रस्त्याच्या वळणावर सापडली. भराभर चालत होती. एक हात जरासा वर. कुणीतरी धरल्यासारखा.

"आई!"

ती वळली. लहान मुलीसारखी हसली. "किती दिवसांनी मोकळी चालतेय गं. या हात सोडतच नाहीत बघ."

तेव्हापासून रोज हेच. कुलूप लावलं तरी बाहेर. परवा तर ट्रक जातात त्या मोठ्या रस्त्यापर्यंत पोहोचली. मी तिच्यावर ओरडले, मग रडले. भावाला काय सांगू? हे म्हणतात, दार परत बसव आणि घाल बाहेरून कडी.

पोटच्या पोरीने आईला कोंडायचं? माझ्याच्याने नाही होणार.

म्हणून नोकरीवरची रजा वाढवून मी त्या चौकटीत खुर्ची घेऊन बसते. दिवसभर.

काल दुपारी आई भिंतीकडे तोंड करून हळूच कुणाशीतरी बोलत होती...

"थांबा जरा. हिला डुलकी लागू दे."

माझे डोळे चुरचुरतायत. पण मिटायची हिंमत होत नाही.