सासऱ्यांच्या उशाशी ठेवलेला फोन

पटणार नसेल, तर सोडून द्या. खोटंच रचायचं असतं, तर मी त्यात माझा मेहुणा घेतला नसता.

मंगळवार. दुपारचे तीन. घर आमचंच. आतल्या खोलीत सासरे झोपले होते.

मेहुण्याचा उद्योग आधी सांगतो. मोबाइलवरच्या गेममध्ये गोळी लागली, की फोन हातात थरथरतो ना? ते थरथरणं हा बसवतो. दोन पदव्या घेऊन माणूस हे करतो.

नव्या गेमसाठी त्याला हृदयाचे ठोके हवे होते. त्याच्या साहेबाने नऊ नमुने परत पाठवले. जिवंत वाटत नाहीत म्हणे. साहेब स्वतः तरी कुठे वाटतो!

मग या दिवट्याने काय करावं? झोपलेल्या बापाची नाडी धरली आणि दुसऱ्या हाताने तो ताल फोनमध्ये ठोकून भरला.

पाच मिनिटांनी बाहेर आला. पांढराफटक.

"भाऊजी... बाबांची नाडी लागत नाहीये."

"तुला आजवर काय लागलंय?" म्हणत मी आत गेलो.

मनगट धरलं... काही नाही.

छातीला कान लावला... काही नाही.

"जावईबापू, अंगावरून उठा आधी," सासरे म्हणाले.

मेहुण्याच्या हातातला फोन मात्र थरथरत होता. धडधड... धडधड...

डॉक्टर आले. मशीनवर सरळ रेघ. त्यांनी मशीनला दोन थपडा मारल्या, बिघडलंय म्हणाले आणि गेले.

"बंदच करतो हे," म्हणत मेहुण्याने बटण दाबलं.

"अहो, ते खिडकीचं..." सासरे बोलता बोलता थांबले.

तोंड उघडं. डोळे उघडे.

मी फोन हिसकावून पुन्हा चालू केला.

"...दार लावून घ्या," सासरे म्हणाले.

एकदा हा फोन बंद करून तोच ताल दुसऱ्या फोनवर वाजवून पाहिला. सासरे हलले नाहीत. हाच फोन लागतो.

तेव्हापासून तो त्यांच्या उशाशी आहे, चार्जरला लावलेला. आठ महिने झाले. सासऱ्यांना आम्ही काही सांगितलेलं नाही. गेम जोरात चालला. साहेब मेहुण्याला कलावंत म्हणाला. तेही याने घरी येऊन सांगितलं, बापाच्या उशाशी बसून.

पण फोन थरथरवणारी ती आतली इवलीशी मोटर रात्रंदिवस चालायला बनवलेली नसते. गेल्या आठवड्यापासून ती घरघरतेय. मध्येच अडकते...

आणि सासरे घास तोंडाशी धरून थांबतात.

काल फोन दुरुस्त करणारा येऊन गेला.

"मोटर बदलून देतो. पण दहा मिनिटं फोन बंद ठेवावा लागेल."

मेहुणा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. पदव्या त्याच्या, बाप त्याचा, आणि ठरवायचं मी!

"कोण आलंय रे?" आतून सासऱ्यांनी विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणालो.

तो माणूस उद्या पुन्हा येणार आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. हे लिहितोय, तेव्हा पलीकडच्या खोलीत मोटर घरघरतेय...

थांबली.

...

लागली परत.

या वेळी मी चौदापर्यंत मोजलं.