वर चढणारं मरण

बशीवर चमचा पडला. शांत घरात तेवढ्यानेच बाई दचकली आणि तिने लेकीच्या हातातली फळाची फोड हिसकावून घेतली.

"काकाने दिली होती!" लेक रडवेली झाली.

"म्हणूनच नको." मग समोरच्या पाहुण्यांकडे वळून ती कुजबुजली, "ताई, माझे दीर बागेत विष घालताहेत. अंधार पडला की टॉर्च घेऊन निघतात, खिडकीतून पाहिलंय मी. आधी खालच्या कोपऱ्यातली अ‍ॅव्होकाडोची झाडं गेली. आता मरण एकेक रांग वर चढतंय, घराकडे. उद्या या पोरीच्या ताटात... आज संध्याकाळपर्यंत घर सोडा म्हणून सांगितलंय त्यांना."

खाजगी तपासाचं काम करणाऱ्या ताईंनी वही उघडली. सोबत आलेल्या त्यांच्या धाकट्या भावाने, बापूने, चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"चहा दिरांनी नाही ना केलेला?"

दाराशी चिखलाने माखलेले गमबूट होते. एकात खुरपं खोचलेलं.

"हे कुणाचे?" ताईंनी विचारलं.

"माझे. उठल्याउठल्या खाली जाते, मेलेल्या झाडांची मुळं उकरून बघते, विष दिसतंय का. मग तशीच वरच्या रांगांत. डोळ्यांत तेल घालून बघते हो, पण काही सापडत नाही."

बागेच्या खालच्या कोपऱ्यात ताईंचे आणि बापूचे पाय रुतले. झाडांचे शेंडे बोडके झाले होते. उरलेली पानं बारकी, पिवळट, मान टाकलेली.

"तहानलीत बिचारी," बापू म्हणाला.

"चिखलात उभी राहून?"

ताईंनी माती हुंगली. कुजका वास. जरा उकरल्यावर बारीक मुळं लागली. काळी, चिमटीत मोडणारी.

बांधापलीकडून शेजारी ओरडला, "मला काही विचारू नका! बांध माझ्या हद्दीत आहे. ट्रॅक्टर घसरायचा म्हणून उंच केला. तिच्या झाडांना बोटही लावलेलं नाही मी."

दीर बागेच्या कडेला, पंपाच्या खोलीत बसला होता. शेजारी भरलेली बॅग. चपलांवर नुसती कोरडी धूळ.

"अंधारात कुठे जाता?"

"इथेच. पाणी बंद करायला. पानं सुकली की वहिनी पाइप सोडते. दिवसा बंद केलं तर म्हणते, झाडं तहानेने मारताय. म्हणून चोरासारखा येतो."

बाहेर पडताच बापू म्हणाला, "हाच तो! चोरासारखा येतो, स्वतःच कबूल केलं."

"बापू, पाणी चढावर जातं का रे?"

"नाही."

"मग मरण कसं गेलं?"

ताईंनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"विष नाही. मातीतला रोग आहे, मुळं कुजवणारा. बांध उंच झाला, पाणी कोपऱ्यात तुंबलं, मुळं गुदमरली आणि रोगाचं फावलं. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड ओल्या मातीतही तहानलेलं दिसतं. तुम्ही त्याला आणखी पाणी पाजलंत."

"पण वर कुणी नेला?" बाईने विचारलं.

"कोपऱ्यातला चिखल घेऊन चढावर जाणाऱ्याने. शेजारी बांध ओलांडत नाहीत. दिरांच्या चपलांना चिखल नाही, ते पंपापाशीच थांबतात. मेलेली मुळं उकरून, त्याच बुटांनी, त्याच खुरप्याने धडधाकट झाडांच्या बुंध्याशी रोज एकच माणूस जातं."

बाईने दाराशी ठेवलेल्या आपल्या गमबुटांकडे पाहिलं.

"बांधाला चर पाडा. पाणी थांबवा. बूट, खुरपं धुतल्याशिवाय वर पाऊल टाकू नका. वरच्या रांगा कदाचित वाचतील."

दीर उठला. त्याने बॅग उचलली आणि तो फाटकाकडे चालू लागला. बाई ओसरीच्या पायरीपर्यंत गेली आणि तिथेच बसली.

लेक तिच्या कुशीत शिरली.

"आई, तू सांगितलंस म्हणून मी काकाला विषारी म्हटलं. आता तो मला कडेवर घेईल?"