माशाच्या कुळाचं कडं

"अजून वर! किगोंगो, हलू नकोस!"

"मी कुठे हलतोय? तूच जड झालीयस! सकाळी केळ्यांचा मातोके किती हाणलास?"

मामेभावाच्या खांद्यावर उभी राहून नासूना राजवाड्याचं छत चाचपत होती. गवताचा तो घुमट थेट जमिनीपर्यंत उतरला होता. आतून त्याला वेताची बावन्न कडी आवळलेली होती, दर कुळाचं एक. त्यातलं माशाच्या कुळाचं, म्हणजे नासूनाचं, कडं पोकळ आहे, असं जाजा आठवडाभर सांगत होते. जाजा म्हणजे किगोंगोचे आजोबा आणि नासूनाच्या आईचे वडील, छत शाकारणाऱ्या माकडकुळाचे मुख्य. पण कडी बांधणाऱ्या कंत्राटदार सेंकुंबाने ते हसण्यावारी नेलं होतं. "म्हाताऱ्याची नजर गेली!" आज दुपारी कुळांचे वडीलधारे नवं छत पसंत करणार होते, आणि जाजांच्या हातातली शाकारणीची मोगरी, म्हणजे मुख्याचा मान, काढून घेणार होते.

नासूनाने कडं दाबलं. ते कुरकुरलं. तिने वरचे दोन वेत बाजूला सारताच सिमेंटची रिकामी गोणी बाहेर लोंबू लागली.

"वेताऐवजी गोण्या!"

तेवढ्यात धाडकन दार लागलं. कुलूप खटकलं. बाहेर सेंकुंबाचा आवाज आला, "आत कोणी नाही ना? आता कोणी आत जायचं नाही, वडीलधारे पाहुणे छत बाहेरूनच बघतील!"

"आम्ही आहोत! दार उघडा!" दोघं ओरडली. पण तो लांब गेला होता, आणि हातभर जाडीच्या गवताने त्यांचा आवाज गिळून टाकला. खिडकी नव्हतीच. दाराच्या फटीतून येणारी उजेडाची एक रेघ तेवढी उरली. किगोंगोने दाराला धडक दिली आणि खांदा चोळत बसला.

"काम पसंत झालं की उद्यापर्यंत कोणी फिरकणार नाही," तो रडवेला झाला. "आणि जाजांची मोगरी..."

अंधारात चाचपडताना नासूनाचा हात ताणलेल्या कातड्यावर पडला. राजाचा ढोल!

"किगोंगो, तुझ्या कुळाचा ठेका वाजव!"

"मी? दर सुटीत शिकतो, तरी माझा शेवटचा ठोका चुकतो! जाजा कान पिळतात!"

"पिळू देत! वाजव!"

किगोंगोने डोळे मिटून ढोल बडवला. धम् धम् धडधम्... आणि शेवटचा ठोका नेहमीसारखाच उशिरा पडला. पुन्हा. पुन्हा!

बाहेर सेंकुंबा पाहुण्यांना सांगत होता, "तुमच्या स्वागताचे ढोल!"

"स्वागत?" जाजा पुढे झाले. "हा माकडकुळाचा ठेका आहे. आमचे सगळे ढोलकरी इथे माझ्या मागे उभे आहेत. आणि शेवटचा ठोका असा चुकवणारं गाढव आमच्या कुळात एकच आहे! किल्ली आण!"

दार उघडलं. उजेडात डोळे किलकिले करत नासूना बाहेर आली आणि तिने कड्यातून ओढून काढलेली गोणी वडीलधाऱ्यांच्या पायाशी टाकली.

"पहिल्या पावसात छत बसलं असतं," ती म्हणाली. "जाजांची नजर शाबूत आहे!"

सगळ्यात वृद्ध पाहुण्याने गोणी उलटीपालटी करून पाहिली. सेंकुंबा काही बोलणार, तोच त्या वृद्धाने हात वर केला. "कडं उद्यापासून पुन्हा बांधायचं. मोगरी जाजांकडेच राहील. शाब्बास, पोरांनो! नासूना, तुझ्या कुळाचा पहिला वेत तूच धर."

जाजांनी किगोंगोचा कान पकडला. पण पिळला मात्र नाही.

"आज चुकलास तेच बरं झालं, गाढवा," ते म्हणाले. "उद्यापासून नीट शिक!"